लांब बाह्या

लेक तिच्या पप्पांचा जुना शर्ट कापून फॅशनचा टॉप शिवतेय. कात्रीची कचकच ऐकली आणि आष्टीकडचं आमचं अंगण आठवलं.

दुष्काळानं विहीर आटलेली. आई माझ्या वडलांचा पांढरा शर्ट उसवून माझ्या मापाचा करत होती. धुतला तरी त्याला घामाचा वास होताच. शाळेसाठीच शिवतेय, म्हणून मी खुशीत होते.

घालून बघितला. "आई, बाह्या लई लांब झाल्यात."

"असू दे. उसाच्या पानानं हात चिरत्यात."

त्याच आठवड्यात टोळीबरोबर साखर कारखान्याच्या ऊसतोडीला गेलो. पुढं त्या बाह्या मला आखूड झाल्या, तेव्हाही मी फडातच होते.