कडीबाईंच्या टपालाची चाळणी

ऑफिसात त्यांना सगळे कडीबाई म्हणत. पाठीमागे, अर्थातच. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. मोठ्या साहेबांच्या खोलीबाहेर त्यांचं टेबल होतं आणि ते ओलांडल्याशिवाय आत जायला वाट नव्हती. साहेब बदलले, खुर्च्या बदलल्या, पडदे बदलले, बाई तिथंच. आलेल्या माणसाकडे चष्म्यावरून बघत त्या विचारत, "काय काम आहे?" तेही अशा सुरात, की खरोखर कामासाठी आलेला माणूससुद्धा क्षणभर आपलं काम विसरे. साहेब आत शब्दकोडं सोडवत असले तरी बाहेर ते मीटिंगमध्ये असत. बाईंनी आपल्या नोकरीत जेवढ्या मीटिंगा भरवल्या तेवढ्या खुद्द कंपनीनंही भरवल्या नसतील.

आपल्या दाराशी वशिला चालत नाही, याचा बाईंना भारी अभिमान होता. याच अभिमानापायी त्यांची सख्खी धाकटी बहीण तुटली. नवऱ्याची नोकरी गेली तेव्हा ती एकदा ऑफिसात आली होती. ताईनं साहेबांच्या कानावर घालावं, एवढीच अपेक्षा. बाईंनी चार माणसांदेखत तिलाही "काय काम आहे?" असं विचारलं, बाकावर बसवलं आणि साहेब मीटिंगमध्ये आहेत म्हणून सांगितलं. धाकटी थोडा वेळ बसली आणि उठून गेली, ती गेलीच. पुढं दुसऱ्या शहरात तिचं बस्तान बसलं. फोन नाही, पत्र नाही. बाईंनीही चौकशी केली नाही, कारण नियमानं बघितलं तर त्यांचं काहीच चुकलं नव्हतं.

निवृत्त झाल्यावर मात्र नियमांना काम उरलं नाही. दोन खोल्यांच्या घराकडे कुणी फिरकत नव्हतं, त्यामुळं अडवायचं तरी कुणाला? दुपारी एका कपाचा चहा टाकताना बाईंना धाकटीची आठवण येई. शेवटी त्यांनी एका चुलतभावाकडून तिचा ईमेलचा पत्ता मिळवला आणि लिहिलं, "त्या दिवशी माझं चुकलं. तुझ्यापुढं नियम मोठा नव्हता. जमलं तर दोन शब्द लिही." पत्र गेल्यावर त्यांना घाम फुटला. मोठ्या साहेबांसमोरही कधी फुटला नव्हता.

उत्तर काही येईना. येत होतं ते भलतंच. टकलावर केस उगवणारं तेल, बसल्या जागी सपाट होणारं पोट, परदेशातल्या कुणा विधवेची बेवारस तिजोरी, आणि जिथं बाईंचं खातंच नव्हतं अशा बँकेतलं खातं बंद पडत असल्याची शेवटची सूचना. दुसऱ्या कुणी हे सगळं न वाचता पुसून टाकलं असतं. पण आलेल्या प्रत्येक पत्राला उत्तर गेलंच पाहिजे, ही बाईंची ऑफिसातली शिस्त. त्या रोज सकाळी अंघोळ करून बसत आणि एकेकाला लिहीत, "आपलं पत्र मिळालं. आपल्या तेलाची सध्या आवश्यकता नाही. कळावे." विधवेला तर त्यांनी वारसाचा दाखला जोडून पुन्हा अर्ज करायला सांगितलं. उत्तर देणारं गिऱ्हाईक सापडल्याच्या आनंदात त्या मंडळींनी बाईंचा पत्ता आपापल्या भाऊबंदांना वाटला आणि टपालाला पूर आला.

समोरच्या घरात एक दंतवैद्य राहत. दवाखाना बंद केल्यापासून त्यांनी कॉम्प्युटरच्या तोंडात हात घातला होता. बाईंनी त्यांना बोलावून आणलं.

"या गर्दीत माझं एक पत्र हरवेल हो," त्या म्हणाल्या. कुणाचं पत्र, ते सांगितलं नाही.

"मग चाळणी बसवा," डॉक्टर म्हणाले. "जाहिराती अडवणारी सॉफ्टवेअरं असतात. मी तीन वापरून बघितलीत. तुम्हीही बघा, मग ठरवा."

पहिली चाळणी फुकट होती आणि तशीच वागत होती. नको त्या पत्रावर ती 'संशयास्पद' असा शिक्का मारी आणि त्याला आदरानं आत आणून बसवी. "हा कसला पहारेकरी? चोर चोर म्हणून ओरडतो आणि दार उघडून देतो," असं म्हणून बाईंनी तिला दुसऱ्याच दिवशी नारळ दिला.

दुसरी शिकणारी होती. हे हवं, ते नको, असं दाखवत गेलं की ती आपलं आपण समजून घेई. आता शिकवायला कडीबाई म्हटल्यावर काय होणार? थोड्याच दिवसांत तिनं विजेचं बिल बाहेर काढलं, पेन्शनची सूचना बाहेर काढली आणि एके सकाळी खुद्द तिला बनवणाऱ्या कंपनीचं आभाराचं पत्र कचऱ्यात टाकलं. बाईंना तिचं कौतुक वाटलं. पण ती कुणाला काही न विचारता मनाचं करत होती, आणि ते त्यांना पटलं नाही.

"तिसरी जरा कटकटी आहे," डॉक्टर म्हणाले. "अनोळखी पत्त्यावरून काही आलं की ते बाहेरच थांबवते आणि पाठवणाऱ्याला उलट विचारते, तुम्ही कोण, काय काम आहे? त्यानं उत्तर दिलं तरच आत. लोक चिडतात हो."

बाईंचा चेहरा असा उजळला, जणू त्यांना पुन्हा नोकरीवर बोलावलं होतं. "चिडू देत. कामाचा माणूस चिडत नाही," त्या म्हणाल्या आणि निवड झाली.

उलट पाठवायच्या प्रश्नाचा तयार मजकूर चाळणीत होता. तो बाईंना फारच गुळमुळीत वाटला. त्यांनी स्वतः लिहिला, "आपलं पत्र दाराशी थांबवलं आहे. आपलं नाव, ओळख आणि काम स्पष्ट लिहावं. कामाशिवाय आलेल्यांचा विचार केला जाणार नाही."

"आणि ही ओळखीच्यांची यादी," डॉक्टर म्हणाले. "यातल्यांना ती अडवत नाही. घरच्यांचे पत्ते घालून ठेवा."

बाईंचा हात कीबोर्डकडे गेला. धाकटीचा पत्ता त्यांना तोंडपाठ होता. मग हात मागं आला. "ओळखीवर कुणाला आत सोडायचं नसतं," त्या म्हणाल्या. मनात म्हणाल्या, तिला काय अवघड आहे? नाव सांगितलं की दार उघडेल.

दुसऱ्या दिवसापासून स्मशानशांतता. तेल नाही, तिजोरी नाही, काहीच नाही. बाई रोज सकाळी अंघोळ करून स्वच्छ रिकाम्या पेटीसमोर बसत. धाकटीचं उत्तर यायचं असतं तर एव्हाना आलं असतं, असं त्यांनी स्वतःला बजावलं. त्यानंतरचा रविवार त्यांनी कपाट आवरण्यात घालवला आणि मधेच कपाटात डोकं घालून थोडं रडून घेतलं.

मंगळवारी जिन्यात डॉक्टर भेटले. "थांबवलेली पत्रं अधूनमधून चाळता ना?" त्यांनी सहज विचारलं.

बाईंना ही सोय ठाऊकच नव्हती. त्यांच्या ऑफिसात परत पाठवलेल्या माणसाचं पुढं काय झालं, हे बघायची पद्धत नव्हती. घरी येऊन त्यांनी ते पान उघडलं. तेलवाले आणि बँकवाले यांच्या मधोमध धाकटी उभी होती.

"ताई, तुझं पत्र वाचून काही सुचेना. आता लिहीत बसत नाही, येत्या रविवारी दुपारी येतेच. तू दार उघड म्हणजे झालं."

तो रविवार परवाच होऊन गेला होता. खाली नोंद होती: प्रश्न पाठवला, उत्तर नाही. इतक्या वर्षांनी बहिणीनं ताई म्हणून हाक मारली आणि ताईनं तिला नाव, ओळख आणि काम विचारलं होतं. बाईंना स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं त्या निघाल्या. चुलतभावाकडून घेतलेल्या घराच्या पत्त्यावर पोचून त्यांनी बेल वाजवली. दार साखळीपुरतं उघडलं. फटीत धाकटी, केस पांढरे झालेले.

"अगं, ते मशीननं पाठवलं," बाई घाईघाईनं म्हणाल्या.

"मजकूर कुणाचा होता?"

साहेबांसाठी बाईंनी आयुष्यभर बेधडक थापा मारल्या होत्या. स्वतःसाठी एक जमेना. "माझा."

"वाटलंच. मशीनला इतकं झोंबेल असं लिहिता येत नाही. मी कामात आहे." दार लागलं.

बाई जिन्याच्या पायरीवर बसल्या, पर्स मांडीवर, पाठ ताठ. आतून भांड्याचा आवाज नाही, नळाचा नाही, कसलाच नाही. ही असली कामं बाई चांगल्या ओळखून होत्या. पण थांबा म्हटलं की थांबायचं, हे त्यांनीच जगाला शिकवलं होतं. येणारे जाणारे त्यांच्याकडे बघत अंग चोरून वर जात. ऊन भिंतीवरून खाली उतरलं. दार उघडलंच नाही तर, हा विचार त्यांच्या मनातून जाईना. बाकावर बसलेल्या माणसाला असं वाटतं, हे टेबलामागून त्यांना कधी कळलं नव्हतं.

अचानक साखळी खळकन पडली आणि दार सताड उघडलं.

"अगं, ठोंब्यासारखी बसून काय राहिलीस?" धाकटी ओरडली. तिचे डोळे लाल झाले होते.

"तू कामात आहेस म्हणालीस."

"म्हणाले! म्हणून काय दुसऱ्यांदा बेल वाजवायची नाही? केव्हाची दाराला कान लावून उभी आहे मी. पायाचे तुकडे पडले." तिचा आवाज फुटला. "त्या दिवशीसुद्धा बाकावरून उठून मी कितीतरी वेळ जिन्यात उभी होते. तू मागं येशील म्हणून."

बाई कठड्याला धरून कशाबशा उठल्या.

धाकटीनं पदरानं नाक पुसलं, बहिणीकडे एकवार बघितलं, आत गेली आणि दार पुन्हा लावून घेतलं.

"वाजव आता," आतून आवाज आला.

बाईंनी बेलवर बोट ठेवलं, ते दार उघडेपर्यंत काढलंच नाही.