दोंग नोप्पुलु

माझी तेलुगू भाजीवालीपुरती होती. पण लातूरहून आलेल्या बायकोसमोर मी पक्का हैदराबादी म्हणून मिरवायचो. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, तर तेही मी अडवलं. म्हटलं, इथे मोठमोठे डॉक्टर आहेत, मी आहे.

परदेशी कंपन्या तेव्हा नुकत्या देशात येत होत्या आणि मी हिमायतनगरच्या एका दुकानात रंगीत टीव्ही विकत होतो. तिला नववा लागला आणि एका दुपारी पोट दगडासारखं घट्ट झालं. पुन्हा सैल, पुन्हा घट्ट. रिक्षा करून कोठी भागातल्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी पोटावर हात ठेवला, तिला कूस बदलायला लावली, थोडं चालवलं. मग माझ्याकडे वळून हसत म्हणाल्या, "दोंग नोप्पुलु." पुढेही बरंच सांगितलं. मी जाणत्यासारखी मान डोलावत होतो.

"काय म्हणाल्या?" बायकोने विचारलं.

नोप्पी म्हणजे दुखणं, एवढं मला ठाऊक होतं. दोंगचा अर्थ मी लावला.

"ढोंग आहे म्हणाल्या."

खरं सांगायचं तर तो अर्थ मला सोयीचा होता. दुकानात दिवाळीची गर्दी होती. वर परतताना रिक्षात मी तिला पहिलटकरणींच्या भित्रेपणावर चार शब्द ऐकवले.  नंतर तिने पोटाचं नाव काढलं नाही. मला वाटलं, समजावणं लागू पडलं.

मग एके दिवशी दुकानात फोन आला, खालच्या मजल्यावरच्या तेलुगू अक्कांचा. मुलगी झाली होती. त्याच सकाळी बायकोने दाराची चौकट धरून मला डबा दिला होता, आणि मी विचारलं होतं, लोणचं का नाही.

दवाखान्याच्या व्हरांड्यात अक्कांनी मला अर्थ सांगितला. दोंग म्हणजे चोर. चोरकळा येतात, चाललं, कूस बदलली की पळतात. खऱ्या पळत नाहीत, वाढत जातात.

आत जाऊन म्हटलं, "अगं, दोंग म्हणजे चोर. मी चुकीचं सांगितलं."

"इथे येताना अक्कांनी रिक्षातच सांगितलं," ती मुलीचं दुपटं नीट करत म्हणाली. "मी सारखी त्यांना विचारत होते, हेही ढोंग निघालं तर घरी काय सांगू?"

त्यानंतर तरी मी तेलुगू शिकायला हवी होती. डब्यात लोणचं का नाही, हे विचारणं तेवढं बंद केलं.