ओळख न पटलेला संकासूर

आमच्या घरात लोककलेचं एक सरकारी प्रमाणपत्र आहे आणि ते चुकीच्या भावाच्या नावाचं आहे. म्हणजे माझ्या.

मी चिरे विकतो. खाणीत चिरे उचलायला लागलो होतो, आता दोन खाणी माझ्या आहेत. हे सगळं मी घासाघीस करून मिळवलं. रत्नागिरीच्या मासळी बाजारात मी शिरलो की मासेवाल्या बायका पाट्यांवर फडकी ओढतात. कलेचं म्हणाल, तर आमच्या वाडीच्या भजनात मला टाळ देत नाहीत. एकदा दिले होते. बुवा मध्येच थांबले आणि म्हणाले, "वसंता, तू चहाचं बघ."

कलावंत आहे तो माझा थोरला भाऊ, धोंडूदादा. देवरूखच्या वरच्या अंगाला आमची वाडी. तिथे शिमग्यात खेळे, म्हणजे सोंगं घेऊन नाचणारी मंडळी, निघतात आणि खेळ्यांत संकासूर असतो. अंगात काळा झगा, डोक्यावर हातभर टोकदार टोपी, तीच खाली ओढून केलेला मुखवटा, त्याला पांढरी दाढी आणि कमरेला घुंगरांचा जडशीळ पट्टा. बेचाळीस वर्षं तो संकासूर म्हणजे दादा. तो नाचायला लागला की मुंबईहून आलेले चाकरमानी मोबाइल खाली ठेवतात. यापेक्षा मोठा मान आजच्या काळात कुणाला मिळतो?

तर वयोवृद्ध कलावंतांना सरकार मानधन देतं, असं मला कळलं. दादाला सांगितलं, तर तो म्हणाला, "पैशाचं राहू दे रे. पन कागदावर 'कलावंत' लिवतील काय?"

"लिहितील की. शिक्कासुद्धा मारतील."

"मंग बघ." मग म्हणाला, "बँकेतल्या पोरीनं माझ्या फॉर्मवर लिवलंन, 'व्यवसाय : इतर'. बेचाळीस वर्सं नाचलो, तो काय इतर?"

झालं. माझं डोकं तिथेच तापलं. माझा भाऊ आणि इतर? मी त्याला टेम्पोत घातलं आणि रत्नागिरीच्या कचेरीत नेलं.

कचेरीतल्या भाऊसाहेबांना कला सादर करतानाचे फोटो हवे होते. आम्ही अकरा आणले होते. भाऊसाहेबांनी ते पत्त्यांसारखे पिसले.

"यात तुम्ही कोण?"

"काल्या झग्यातला," दादा म्हणाला.

"चेहरा दिसत नाही."

"दिसला तर तो संकासूर कसला?" मी म्हणालो.

"चेहरा ओळखता येईल असे तीन फोटो लागतात."

माझ्यातला व्यापारी जागा झाला. "एक चेहऱ्याचा घ्या, दोन मुखवट्याचे घ्या."

"साहेब, ही मंडई नाही."

"बरं, दोन चेहऱ्याचे. पण ते म्हशीबरोबरचे आहेत."

भाऊसाहेबांनी चष्मा काढला. ही खूण मी ओळखतो. गिऱ्हाईक तुटायला आलं की असंच करतं. मी आवाज चढवला. गाणाऱ्याचं तोंड दिसतं, तबलजीचं दिसतं, मग ज्याची कलाच तोंड झाकायची आहे त्यानं काय करायचं? झगा उचलून दाखवायचा? शेवटी भाऊसाहेब म्हणाले, "महिन्याअखेर समिती बसतेय. त्यांच्यासमोर या आणि त्यांची खात्री पटवा. त्यानंतर यंदा बैठक नाही."

बाहेर पडता पडताच माझ्या डोक्यात कल्पना चमकली. (माझ्या कल्पनांबद्दल माझ्या बायकोचं मत वेगळं आहे. सुलभा म्हणते, चमकते ती वीज, आणि पडते ती आपल्याच घरावर.) समितीसमोर दादाला साक्षात संकासूर करूनच उभा करायचा! मग कोण म्हणेल हा कलावंत नाही?

दादा ऐकेना. "शिमगा नाय, पालखी नाय, कसा चढवू? देवाला इचारूक हवं."

मी गुरवाला गाठलं. त्यानं देवीला कौल लावला. देवीनं उजवा कौल दिला, पण गुरव अटी सांगायला लागला. पालखी बसते त्या सहाणेवरच मुखवटा चढवायचा आणि तिथेच उतरवायचा. मधल्या वेळात संकासुरानं तोंड उघडायचं नाही, शिमग्यातला नियम तोच. मला घाई होती. मी म्हणालो, "मान्य, मान्य, सगळं मान्य." जो माणूस चिऱ्याची गाडी उतरवताना एकेक चिरा मोजतो, त्यानं देवाशी सौदा न ऐकता केला.

बैठकीच्या दिवशी सकाळीच दादा सहाणेवर सजला. टोपीचं टोक टेम्पोच्या केबिनमध्ये मावेना, म्हणून त्याला मागे हौद्यात उभा केला. पुढचं कुणालाही सुचायला हवं होतं, फक्त मला सुचलं नाही. आमच्या मुलखात रस्त्यानं संकासूर चाललाय म्हटल्यावर माणसं टेम्पो जाऊ देतात होय? जागोजाग हात आडवे. एक बाई तान्हं पोर घेऊन आली, त्याच्या डोक्यावरून संकासुराचा हात फिरवून घेतला. एका टपरीवाल्यानं गाऱ्हाणं घातलं आणि नारळ दिला. हातखंब्याला पोहोचेपर्यंत सात नारळ झाले. तिथे पोलिसानं टेम्पो अडवला. मी खिशात लायसन्स चाचपतोय, तोवर तो मागे जाऊन पाया पडून आला आणि म्हणाला, "जाऊ द्या हो, महाराजांना उशीर होतोय."

सगळ्या जिल्ह्याला त्याची ओळख पटत होती. राहिली होती फक्त समिती.

समितीत तिघं होते, पण बोलत होत्या त्या मधल्या मॅडम. घाटावरच्या, नीट माणूस, हे मला आजही म्हणावं लागतं. दादाला बघून त्यांचे डोळेच चमकले.

"वा. नाव काय आपलं?"

घुंगरं वाजली.

"नाव, आजोबा."

पुन्हा घुंगरं.

"धोंडू नाव आहे," मी म्हणालो.

"त्यांना सांगू द्या. आणि मुखवटा काढा, आधारकार्डाशी चेहरा जुळवायचाय."

दादानं मान हलवली. टोपीचं टोक पंख्याला लागता लागता राहिलं. मला गुरवाचा आवाज आठवला : मुखवटा सहाणेवरच उतरवायचा, तोवर तोंड उघडायचं नाही.

"दादा," मी दात आवळून म्हणालो, "दोन मिनिटं काढ. देवी काही देवरूखहून बघत नाही."

दादानं माझ्याकडे वळून पाहिलं. मुखवट्याआडून डोळे दिसत नव्हते, पण बापाच्या मारानंतर मला इतकी भीती वाटली नव्हती.

मग मी तडजोडीला लागलो. चेहरा नाही, तर अंगठा घ्या. भाऊसाहेबांनी यंत्र आणलं. दादाचा अंगठा चार वेळा ठेवला, यंत्रानं चारही वेळा नाकारला. जन्मभर कातळ फोडून भातशेती केलेल्या माणसाच्या अंगठ्यावर रेषा कुठून राहणार? मी म्हणालो, "दहाही बोटं घ्या." मी म्हणालो, "पाय घ्या." मी म्हणालो, "हा माझा सख्खा भाऊ आहे, माझा चेहरा घ्या आणि त्यात दहा वर्षं मिळवा."

"असं चालत नाही हो," मॅडम म्हणाल्या. "बरं, निदान कलेबद्दल सांगा."

संकासूर गप्प. म्हणून मी बोललो. पाऊण तास बोललो. लोककला मरतेय म्हणून व्यासपीठावर रडता आणि जिवंत कलावंत दारात आला की त्याचा अंगठा मागता, हे टेबलावर हात आपटून सांगितलं. मॅडमचा चहा सांडला. एवढ्यावर थांबलो असतो तर बरं होतं. पण मी म्हणालो, "हे सोपं वाटतं तुम्हाला? हे बघा!" आणि संकासुराची चाल करून दाखवायला लागलो.

तीन पावलं टाकली. तिसऱ्याला माझा पाय खुर्चीत अडकला.

मागून असा आवाज आला, जसा बैल शेपटी पिळल्यावर काढतो. दादा नियमानं गप्प होता, पण चुकलेलं पाऊल त्याला सहन झालं नाही. त्यानं मला झग्याच्या बाहीनं बाजूला सारलं आणि पाय आपटला. मग दुसरा आपटला. मग घुंगरं सुरू झाली. मृदंग नाही, झांज नाही, वरचा पंखा करकरतोय, आणि बहात्तर वर्षांचा माझा भाऊ फायलींच्या कपाटांमधून असा फिरला, की दाखल्यासाठी रांगेत उभी असलेली माणसं रांग सोडून आत आली. रांग सोडून! भाऊसाहेब खुर्चीवर चढले. मॅडम उभ्या राहून ताल धरत होत्या. मला वाटलं, जिंकलो.

नाच थांबला. टाळ्या थांबेनात. मॅडमनी डोळे पुसले.

"अप्रतिम," त्या म्हणाल्या. "असं मी आजवर पाहिलं नाही. पण हे कोण आहेत?"

निकाल पोस्टानं आला. 'कला उच्च दर्जाची. कलावंताची ओळख पटत नाही. सबब अर्ज प्रलंबित.' त्याच पोस्टानं दुसरं पाकीट आलं. जिल्ह्याच्या कार्यक्रमात लोककलेसाठी तळमळीनं झटणाऱ्या एका नागरिकाचा सत्कार होणार होता. समितीनं एकमतानं नाव सुचवलं होतं. माझं!

मी नाही म्हणणार होतो. दादाच म्हणाला, "जा रे. घरात कायतरी तर येऊ दे." म्हणून गेलो, आणि त्याला बरोबर नेलं. मी व्यासपीठावर, गळ्यात हार. वरून बघतो तर दादा पहिल्या रांगेत, इस्त्रीचा सदरा घालून, आणि भाऊसाहेब, कचेरीत भेटूनही त्याला न ओळखता, त्याच्या कानाशी वाकलेले. माइक त्यांच्या जवळच होता, त्यामुळे सगळ्या सभागृहानं ऐकलं.

"आजोबा, जरा मागे बसता का? ही रांग कलावंतांची आहे."

दादा उठला आणि मागे जाऊन बसला. उघड्या चेहऱ्यानं. मी तिथेच माइक हिसकावून बोलणार होतो, पण मला शाल घातली गेली आणि टाळ्या सुरू झाल्या. सगळ्यात मोठी टाळी मागून येत होती, आणि ती ठेक्यात होती.

मी हार मानलेली नाही. अर्जाला मान्यताप्राप्त संवर्धकाची शिफारस जोडली तर फेरविचार होतो, असं नियमात सापडलं. सत्कारात मिळालेल्या प्रमाणपत्रावर माझ्या नावाखाली 'लोककला संवर्धक' छापलं होतं, म्हणजे मान्यताप्राप्त संवर्धक आता घरातच होता. मी दोन पानी शिफारस लिहिली, खाली सही ठोकली. आठव्या दिवशी ती परत आली. 'शिफारसकर्ता अर्जदाराचा सख्खा भाऊ असल्याने ग्राह्य नाही.' चेहरा घ्या म्हणालो तेव्हा आमचं नातं चाललं नाही, आणि आता तेच आडवं आलं!

प्रमाणपत्र दिवाणखान्यात लावलंय. पाहुणे विचारतात, "तुम्ही काय करता कलेत?" सुलभा आतून सांगते, "आरडाओरडा."

राहिली शाल. यंदा शिमग्याच्या आदल्या दिवशी दादा ती मागायला आला.

"कशाला रे?"

"पट्टा कंबरेला काचतो. खालून गुंडालतो जरा."

दिली. मग सहाणेवर दादा नाचला, आणि झग्याखालून शालीचा जरीचा काठ डोकावत होता. म्हणजे सरकारी मदत अखेर कलावंतापर्यंत पोहोचली म्हणायची, आणि तीही कमरेपर्यंतच. ती पोहोचवण्यासाठी मला पाऊण तास भाषण, सात नारळ आणि एक सत्कार लागला. जन्मात इतका महाग सौदा मी दुसरा केलेला नाही. मासळी बाजारात हे अजून कुणाला कळलेलं नाही, तेवढं बरं आहे.