साखळीतला माझा अर्धा तास

चोरी, दारू, मारामारी असलं कुठलंच पाप माझ्या नावावर नाही, म्हणून कित्येक वर्षं मी स्वतःला बरा ख्रिस्ती समजत आलो. कराडच्या एका शाळेत मी कारकून आहे, आमच्या लहानशा मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, पंच आहे, आणि लहान गोष्टींत खरं वागावं असं रविवारी मुलांना शिकवतो. हे लिहिताना मान खाली जाते, कारण माझं पाप एका शब्दाचं आहे. तो शब्द म्हणजे 'झाली'.

मंडळीतले दानिएलदादा पोटाच्या ऑपरेशनसाठी मिरजेला दवाखान्यात होते. ऑपरेशननंतर त्यांना धाप लागू लागली, तेव्हा चर्चच्या पाळकसाहेबांनी उपवास-प्रार्थनेची साखळी ठरवली. शनिवारी सकाळी सहापासून संध्याकाळी सहापर्यंत प्रत्येक घराने अर्धा तास प्रार्थना करायची, आणि आपली वेळ संपली की फोन करून ती पुढच्या घराच्या हाती द्यायची. मध्ये खंड पडू द्यायचा नाही, एवढाच नियम. माझ्याकडे तीन ते साडेतीनची वेळ आली.

शनिवारी शाळा सकाळची. दुपारी घरी आलो तर घरात कोणी नव्हतं. उपवास असूनही झाकून ठेवलेली पिठलं-भाकरी खाल्ली, तीनला उठून बसू म्हणून जरा पाठ टेकली, आधीच्या घराचा फोन झोपेतच घेऊन ठेवला, आणि पुन्हा फोन वाजला तेव्हा साडेतीन होऊन गेले होते. पुढची पाळी मार्थामावशींची. वाट बघून त्यांनीच फोन केला होता.

"भाऊ, झाली का प्रार्थना? मी घिऊ का फुडं?"

"झाली, झाली. घ्या तुम्ही."

"किती भरून आलाय ओ आवाज तुमचा! रडलासा व्हय?"

तो झोपेचा आवाज होता.

संध्याकाळी दादांच्या पत्नीचा, सुमनवहिनींचा फोन आला. त्या रडत होत्या. "भाऊ, सव्वातीनला ह्यांचा श्वास अडकला. डोळं पांढरं केलं. सिस्टर पळत आल्या, तवा कुठं परत श्वास घेतला. आता आयसीयूत नेलंय. मी पाळ्यांचा कागद बघितला, त्या टायमाला तुमी बसला हुता. हे घरी आलं की मी मंडळीत उभी राहून साक्ष देणार, तुमचं नाव घेऊन."

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "प्रभू थोर आहे, वहिनी." वाक्य खरं होतं, पण मी त्याच्याआड लपलो.

त्यानंतरचे दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. रविवारी उपासनेनंतर माणसं येऊन माझा हात हातात घेत होती आणि तो मला सोडवून घेता येत नव्हता. फोन वाजला की वाटायचं, दादा गेले असं कोणी सांगेल, आणि खंड माझ्यापाशी पडला हे फक्त मला ठाऊक असेल. दादा बरे झाले की सांगू, असं मनाला समजावत होतो. मग लक्षात आलं, दादा गेले तर सांगायचा धीर होणार नाही आणि वाचले तर सांगायची इच्छा उरणार नाही. मंगळवारी रजा टाकून मिरजेची गाडी धरली. सांगली स्टेशनात गाडी थांबली तेव्हा उतरून मागे फिरावं म्हणून मी दारापर्यंत गेलो होतो. गाडी हलली म्हणून राहिलो.

आयसीयूबाहेरच्या बाकावर वहिनी होत्या. शेजारी डोक्यावरून पदर घेतलेल्या एक म्हाताऱ्या मुसलमान बाई तसबीहची माळ फिरवत बसल्या होत्या. "ह्या खालाबी, आटपाडीच्या," वहिनी म्हणाल्या. "वॉर्डात आमच्या शेजारची खाट ह्यांच्या म्हाताऱ्याची. त्यांना बी आतच ठेवलंय."

मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. जेवलो तेसुद्धा.

वहिनी माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "झोप लागती माणसाला. पर मी फोनवर एवढी रडत हुते, तवा तोंडाला काय कुलूप हुतं?"

मग त्या पदराने तोंड पुसून हळूच म्हणाल्या, "तुमाला काय बोलू? तीन रात्री डोळ्याला डोळा न्हवता. त्या टायमाला मी बी खाटंला डोकं टेकून झोपलेली. कुणाला सांगितलं न्हाई. सिस्टरला हाक ह्या खालाबींनी मारली."

"मी काय केलं?" खालाबी म्हणाल्या. "ऑक्सिजनची नळी अंगाखाली दाबली गेली हुती. आमच्या म्हाताऱ्यासाठी दुवा मागत जागी हुते, म्हणून दिसली. जागं तर अल्लानंच ठेवलं की."

मी बाकावर बसलो. जिने मला कधी पाहिलं नव्हतं, जिला आमच्या साखळीचं नावही माहीत नव्हतं, तिला माझ्या रिकाम्या वेळी देवाने तिथे बसवून ठेवलं होतं. हे कसं झालं याचा उलगडा मी करत बसत नाही. एवढंच कळलं, की दादांचा श्वास माझ्या जागं राहण्यावर कधीच अवलंबून नव्हता. यात माझी सुटका होती. आणि लाजही होती, कारण माझ्या वाट्याला फक्त अर्धा तास आणि एक खरा शब्द एवढंच आलं होतं.

दादा गुरुवारी वॉर्डात परतले. ते घरी आले त्या रविवारी वहिनींच्या आधी मीच मंडळीपुढे उभा राहिलो. पंचाची खुर्ची सोडतो म्हणालो. पाळकसाहेब म्हणाले, त्याचं नंतर बघू. मार्थामावशी मात्र सगळ्यांदेखत म्हणाल्या, "तरीच! म्हटलं, रडणारा गडी मधीच जांभई कसा देतोय?" लोक हसले, मीही हसलो.

पण देवाचे उपकार मानायला बसलो की मला आठवतो तो मिरजेतला मंगळवार. मी निघायला उठलो तेव्हा खालाबी म्हणाल्या, "भाऊ, आमच्या म्हाताऱ्यासाठी बी मागा की कवातरी." सवयीने जिभेवर 'हो, नक्की' आलं होतं. तो शब्द मी गिळला, त्यांच्या नवऱ्याचं नाव विचारलं, परत बाकावर बसलो आणि डोळे मिटले. माझी परतीची गाडी निघून गेली. मी जागा होतो.