गोल्फच्या मैदानासाठी मुद्दाम यावं का?

गोल्फच्या मैदानावरचे किस्से कुणी जमवत नाही. गोठ्यात शेण साठतं तसे ते आपोआप साठतात, आणि मग कुणाला तरी पाटी उचलावी लागते. आमच्या गावात ती माझ्या डोक्यावर आली. सगळा जन्म बातमीदारीत गेला, त्यामुळे भांडायचं म्हटलं की लोक मलाच पुढं करतात.

या वेळचं भांडण असं. पलूसच्या बाजूला, कृष्णाकाठी आमचं संस्थानकाळातलं नऊ होलचं मैदान आहे. काहींना तिथं प्लॉट पाडायचेत. पर्यटनस्थळ म्हणून शिक्का बसला तर मैदान वाचेल, नाही तर गेलं. ते ठरवायला पुण्याहून एक साहेब आले. गाडीतून एक पाय बाहेर, आणि पहिला प्रश्न, "इथं मुद्दाम यावं असं आहे तरी काय?"

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "चला, चालत दाखवतो!"

*

आमच्याकडं होलभोवती हिरवळ, म्हणजे 'ग्रीन', नसते. पाण्याअभावी तिथं जळकं ऑइल मिसळलेली वाळू दाबून बसवतात. एकदा मुंबईच्या मोठ्या क्लबातले एक गृहस्थ आले. भारी बूट, भारी टोपी. वाळूकडं बघून म्हणाले, "पण ग्रीन कुठंय?"

मैदानाला लागूनच शेती असलेले आमचे निवृत्त सुभेदार शांतपणे म्हणाले, "आमच्यात ग्रीन काळं असतंय. भोक मात्र तिथंच हाय, बघा जमतंय का!"

नाही जमलं!

*

त्याच गृहस्थांचा बॉल पुढं, मैदानात म्हशी चारणाऱ्या शांताक्काच्या म्हशीला लागला. म्हैस बसल्या जागेवरनं उठलीसुद्धा नाही, पण शांताक्का उठली.

"अहो बाई, मी आधी ओरडलो होतो! गोल्फमध्ये ओरडायचं असतं!"

"आवं, वरडून मारलं की लागत न्हाई व्हय?"

त्या दिवसापासून आमच्या मैदानाचा नियम असा, की बॉल म्हशीला लागला तर फटका परत मारावा, पण म्हशीला उठवू नये.

हे ऐकून साहेब हसले. मला वाटलं, काम झालं. तर म्हणाले, "गंमत आहे, पण गमतीसाठी कोण एवढ्या लांब येणार?"

*

कोण येणार म्हणजे? सुभेदारांचा पुतण्या संदीप येतो की! तो लष्करात आहे. रजेवर आला की ट्रंक घेऊन थेट मैदानावर उतरतो. आधी नऊ होल, मग घर. मागच्या खेपेला त्याची बायको तरातरा इथंच आली.

"घर कुटं पळून चाललंय व्हय?"

"घर न्हाई गं. मैदान पळवत्यात म्हणं!"

तिनं ट्रंक उचलून कडेला ठेवली. मग म्हणाली, "मग दोनदा खेळा. भाकरी हितंच आणते."

यावर साहेब म्हणतात, "तो गावचाच. तो पर्यटक म्हणून धरता येणार नाही."

म्हणजे गावचा माणूस हा माणूसच नव्हे!

*

मिलिंद कुपवाडला लेथवर काम करतो. सुट्टीच्या दिवशी मोटरसायकलला गोल्फच्या काठ्या बांधून येतो. त्याचे आजोबा इथं संस्थानातल्या मंडळींच्या पिशव्या उचलायचे. काठीला हात लावायची त्यांना बंदी होती. नातू आज आमचा चॅम्पियन आहे.

एका जुन्या घराण्यातले वकील त्याच्याकडून हरले. हरलेला माणूस गोड बोलतो, तसं म्हणाले, "तुझे आजोबा पिशवी फार छान उचलायचे हो."

मिलिंद म्हणाला, "व्हय. आणि तुमचे आजोबा लय वाईट खेळायचे, असं ते सांगायचे!"

*

शेवटच्या होलवर साहेबांना काठी दिली. नको नको म्हणत त्यांनी घुमवली, आणि बॉल गेला थेट सुभेदारांच्या उसात.

"हरवला," साहेब म्हणाले.

"आमच्यात हरवला म्हणत न्हाईत साहेब, उसात हाय म्हणत्यात," सुभेदार म्हणाले. "तोड झाली की ज्यानं त्यानं आपला बॉल हुडकायचा आणि तिथनं डाव पुरा करायचा. तुमच्या बॉलवर खूण हाय न्हवं?"

खूण होती. मारण्याआधी मीच त्यांना पेन दिलं होतं, आणि त्यांनी निळ्या शाईत आपल्या नावाचं पहिलं अक्षर काढलं होतं.

गाडीत बसताना साहेब म्हणाले, "राग मानू नका. अहवाल अजून लिहायचाय, पण खरं सांगतो. वाटेवर असतं तर लोक थांबले असते. मुद्दाम येण्यासारखं नाही हे."

मी तोंड उघडलं होतं, पण सुभेदारांनी माझा दंड धरला.

थंडीत ऊस तुटला. पुढच्या रविवारी सकाळीच पुण्याच्या नंबरची गाडी बांधाला लागली. साहेब पँट दुमडून पाचटात वाकले होते. सुभेदार जवळ जाऊन म्हणाले, "काय साहेब, आज सुट्टीचं इकडं कुटं?"

साहेबांनी मान वर केली नाही. "काही नाही. इकडून चाललो होतो, म्हटलं जाता जाता थांबावं."

आमच्या मैदानाच्या पुढं रस्ता नाही. नदी आहे.