नलूकाकींचं ‘परत बोल’

‘दिवसातून तीन गोळ्या’ म्हणजे शिफ्टला तीन, असं मी धरलं. आम्हा कंपनीवाल्यांचा दिवस आठ तासांचाच. दुपारी माझ्या जागी येणारा रिलीव्हर आला नाही, दुसरी शिफ्टही गळ्यात पडली. म्हणजे नवा दिवस, नव्या तीन. सकाळी उठून आणखी दोन.

दुखत होतं, यात खोटं नाही. चव्वेचाळिसाव्या वर्षी पेणला जाऊन दातांना तारा बसवल्या होत्या. भाताचं शीत चावेना, पोटात नुसता चहा. ठणक्यावरच्या गोळ्याही मी गुपचूप पेणहूनच आणल्या, कारण आमच्या अष्टमी गावात मेडिकल होतं ते नलूकाकींचं.

आता ते दुकान बंद आहे, काकी लेकीकडे असतात. पण नवरा गेल्यावर पंधरा वर्षं त्या एकट्या काउंटरमागे, सुजलेला पाय खोक्यावर टेकवून. औषध हातात देण्याआधी म्हणायच्या, “परत बोल.” मग किती, कधी, जेवून की आधी, हे गिऱ्हाइकाने सगळ्यांदेखत म्हणून दाखवायचं. हेडमास्तरांचीही सुटका नाही. “सांगून सांगून जीव विटला रे,” म्हणायच्या, “पण स्वतः बोललेलंच माणसाच्या ध्यानात राहतं.”

गोळ्या संपल्या आणि काकींकडे जावंच लागलं. तोंडावर रुमाल धरून मी आणखी गोळ्या मागितल्या.

“रुमाल काढ. अगो बाय, तारा? या वयात? किती गोळ्या घेतल्यास?”

“आठ.”

“किती दिवसांत?”

“कालपासून.”

काकींनी पाय खाली घेतला. गिऱ्हाइकं बाहेर काढली, शटर ओढलं आणि मला रिक्षात घालून डॉक्टरांकडे नेलं.

“मला काय होत नाय, काकी!”

“आज नायच होणार. गोळ्यांनी बिघडलेलं लिव्हर दोन दिवसांनी बोलतं. तवा ऐकून उपयोग नाय.”

दोन दिवस रक्त तपासणी झाली. गोळ्या बंद. ठणका सोसेना म्हणून काकींना फोन केला, तर थकल्या आवाजात म्हणाल्या, “पेज पी, मिठाच्या कोमट पाण्यानं चूळ भर. चार दिवस दुखंल. दुखू दे.” त्या दोन दिवसांत बायकोशी मी इतका गोड वागलो, की तिला भलताच संशय आला.

रिपोर्ट चांगला निघाला. तो घेऊन मी ऐटीत, तारा चमकवत दुकानात गेलो. काकींनी शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, मग खुर्चीत बसल्या आणि डोळे मिटून घेतले. डोळे उघडून माझ्या तोंडाकडे पाहिलं.

“दात होतील सरळ,” त्या म्हणाल्या. “तू नाय होणार.”