फडकी

आमचे हे काचवाले. खिडक्यांच्या काचा, आरसे, फोटोच्या फ्रेमा. हिऱ्याने रेघ मारायची, खालून टिचकी द्यायची, काच सरळ तुटते. तीस वर्षं तेच केलं. हातमोजे घातले नाहीत. मोज्यातून धार कळत नाही म्हणे. रोज एखादं बोट कापायचं. ते अंगठ्याने दाबून धरायचे, गिऱ्हाइकाची थट्टा चालूच. तेवढ्यात रक्त थांबायचं.

मागच्या वर्षी छातीत दुखलं. हृदयाच्या नळीत जाळी बसवली. डॉक्टरबाईंनी रोजच्या दोन गोळ्या दिल्या आणि समजावलं, "जखम झाली की रक्तातल्या प्लेटलेट्स धावून येतात आणि एकमेकींना चिकटून भोक बुजवतात. ही जाळीही त्यांना जखमच वाटते. तिथे चिकटल्या तर नळी बंद. गोळी त्यांना चिकटू देत नाही. गोळी लागलेली प्लेटलेट मरेपर्यंत, म्हणजे आठ-दहा दिवस, तशीच राहते." ह्यांनी शेवटचं तेवढं बरोबर लक्षात ठेवलं.

मग बोट कापलं की अर्धा अर्धा तास थेंब थेंब. आरशावर डाग, फ्रेमवर डाग. एक बाई तो आरसा न घेताच निघून गेली. मी फडकी धुऊन धुऊन वैतागले होते. मीच म्हणाले, "अहो, हे घर आहे की खाटकाचं दुकान?" ते हसले. "बघतो काहीतरी," म्हणाले.

महिन्याभरात डाग बंद झाले. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. कसे बंद झाले, ते काही मी विचारलं नाही.

ते दुकानातच गेले, भर दुपारी, हातात मोजपट्टी. डॉक्टरबाईंनी गोळ्यांचं विचारलं. मी ठणकावून सांगितलं, "रोज घेत होते." नंतर खिळ्यांच्या डब्यात गोळ्यांची पाकिटं सापडली, जवळजवळ भरलेली. डब्याच्या झाकणावर ह्यांच्या पेन्सिलीने लिहिलेलं: फक्त रविवार, आठ दिवस पुरते.

पाकिटं आणि ते झाकण घेऊन मी दवाखान्यात गेले. डॉक्टरबाईंनी झाकणावरचं दोनदा वाचलं. "शरीर रोज नव्या प्लेटलेट्स बनवतं. त्यांच्यासाठी रोजची गोळी. हे सांगायचं माझ्याकडून राहिलं असेल." मला राग यायला हवा होता. आला नाही. रडूही आलं नाही.

काल दुकान आवरताना माझं बोट कापलं. मी दाबून धरलंच नाही. म्हटलं, वाहू दे. दोन मिनिटांत आपलं आपण थांबलं. फडकंसुद्धा लागलं नाही.